उन्हात राहिलेली पाती

कॅमेरा बांधलेल्या मॉडेल हेलिकॉप्टरचं इंजिन सुरू होतं, पाती फिरत होती. कारखानीस साहेब कंट्रोलचा बॉक्स गळ्यात अडकवून उभे होते. मी दोन्ही हात वर करून त्यांना खूण केली. उडवायचं नाही.

साहेबांनी इंजिन बंद केलं. गिरणीचे इंजिनियर गोडबोले घड्याळाकडे बघतच पुढे आले.

"काय झालं?"

"पाती एका रेषेत फिरत नाहीत," मी म्हणालो.

"काल तर फिरत होती."

"काल फिरत होती."

गोडबोल्यांनी वर चिमणीकडे पाहिलं. त्यांची सगळी काळजी तिथं होती. सोलापुरातली ती जुनी गिरणी, तिची दीडशे फुटांची विटांची चिमणी. आठवड्यापूर्वी कुणाला तरी खालून दिसलं की वरचा लोखंडी पट्टा एका बाजूला सुटून लोंबतोय. पट्ट्याखाली विटांना तडा असल्यासारखं वाटत होतं, पण तो तडा की काजळीची रेघ, हे दुर्बिणीतून कळत नव्हतं. चिमणीच्या दक्षिणेला कामगारांची चाळ होती. विटा पडल्या तर चाळीच्या पत्र्यांवरच पडणार. आज गिरणीला सुट्टी, बॉयलर बंद. उद्या पहाटे पुन्हा धूर सुरू होणार. फोटो काढायचे ते आजच.

फोटो निघाले नाहीत तर काय, तेही ठरलेलं होतं. चिमणीच्या सावलीत नरसप्पा बसला होता. पन्नाशीचा, काटक माणूस. गिरणीच्या चिमण्यांवर चढणं हे त्याचं काम. कमरेला चामड्याचा पट्टा, हातात लहान हातोडी. हेलिकॉप्टर नाही जमलं तर तो विटांत रोवलेल्या लोखंडी पायऱ्यांवरून वर जाऊन बघणार होता. त्या पायऱ्या कधी बसवल्या होत्या ते कुणालाच माहीत नव्हतं.

सत्तरच्या दशकाची ती अखेर होती. कारखानीस साहेबांचा पुण्यात छोटा धंदा होता, रेडिओ कंट्रोलवर उडणाऱ्या मोठ्या मॉडेल हेलिकॉप्टरला कॅमेरा बांधून फोटो काढायचा. खऱ्या विमानातून काढलेल्या फोटोत गिरणी दिसते, गिरणीच्या छपरावरचं फुटकं कौल दिसत नाही. ते कौल दाखवणं हे आमचं काम. उडवायचे साहेब. यंत्र सांभाळायचो मी. मी मूळचा वळसंगचा, घरी शेती. सोलापुरात आयटीआय केलं, पुण्यात एका कारखान्यात फिटर होतो, तिथून साहेबांकडे आलो. आमच्यात एक नियम होता. उडवायचं कसं हे साहेब ठरवणार, उडवायचं की नाही हे मी.

आमच्याकडे दोन यंत्रं होती. धाकटं आधीचं. मोठं दोन वर्षांपूर्वी परदेशातून मागवलं, ते माझ्या सांगण्यावरून. साहेबांनी तीन कॅटलॉग माझ्यापुढे टाकले होते. मी मोठं निवडलं, कारण ते जड कॅमेरा उचलायचं आणि मोठ्या निगेटिव्हवर विटेची चीरसुद्धा दिसते. दुसरं म्हणजे मोठी पाती सावकाश फिरतात, त्यामुळं थरथर कमी. थरथर कमी तर फोटो स्वच्छ. ही सगळी कारणं बरोबर होती. आजही बरोबर आहेत.

आता पात्यांचं. दोन्ही पात्यांच्या टोकांना आम्ही चिकटपट्टी लावायचो, एकाला लाल, एकाला पांढरी. इंजिन चालू असताना बाजूनं पाहिलं की दोन्ही रंग मिसळून एकच रेघ दिसायला हवी. त्या दिवशी लाल रेघ पांढरीच्या बोटभर वर दिसत होती. म्हणजे एक पातं दुसऱ्यापेक्षा उंचावरून फिरत होतं. याला कारणं तीन-चार असतात. मी एकेक तपासत गेलो. पात्याचा कोन बदलणारी दांडी सरकली नव्हती. नट घट्ट होते. पाती सोडवून तराजूसारखी तोलून पाहिली, वजन सारखं होतं. मग लाल पातं हातात घेऊन मुळाशी जरा पिळलं. अगदी बारीक करकर आली.

पाती लाकडी होती. मुळाशी, जिथं बोल्ट बसतो, तिथं दोन्ही बाजूंनी धातूची पट्टी चिकटवलेली असते. फिरताना त्या मुळावर एखादा धडधाकट माणूस लटकावा इतकी ओढ येते. ती पट्टी लाकडापासून सुटायला लागली होती.

का सुटली, हे मला तिथंच कळलं.

आदल्या दिवशी दुपारी आम्ही टेम्पोतून आलो होतो. लॉजचा जिना अरुंद होता. धाकट्याची पेटी मी खांद्यावर घेऊन खोलीत नेली. मोठ्याची पेटी जिन्याच्या वळणात फिरेना. पाती तेवढी काढून काखेत मारून वर नेता आली असती, दोन मिनिटांचं काम. पण सकाळपासून पोटात काही नव्हतं. मी टेम्पो बंद केला आणि जेवायला गेलो. खानावळीतून लॉजवर येऊन आडवा झालो तो पाचला उठलो. मे महिन्याचं सोलापूरचं ऊन, वर पत्रा, काचा बंद. थंड मुलखातल्या लाकडानं आणि गोंदानं ते चार तास कसे काढले असतील? संध्याकाळी चाचणी घेतली तेव्हा रेघ एकच दिसली होती. रात्रीतून लाकूड थंड होऊन आकसलं असणार.

"दुसरी जोडी लाव," साहेब म्हणाले. "वेळ जातोय."

दुसरी जोडी होती. तीही त्याच पेटीत होती.

मी ती लावली आणि इंजिन चालू करून पाहिलं. लाल-पांढरी एकच रेघ. सुरेख. साहेबांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. गोडबोल्यांनी चाळीच्या बाजूच्या भिंतीकडे हात केला. भिंतीवर पोरं, बायका, माणसं दाटीनं बसली होती. हेलिकॉप्टर उडणार म्हणून सकाळपासून आलेली.

"मी पाच मिनिटांत सांगतो," म्हणालो आणि पाती काढून सावलीत नेली. खरं म्हणजे काय सांगायचं ते मला ठरवायचं होतं. पेटी उन्हात राहिली हे फक्त मला माहीत होतं. बोललो तर नरसप्पा चिमणीवर जाणार. गप्प राहिलो तर बहुतेक काहीच होणार नाही. हा 'बहुतेक' शब्द आमच्या धंद्यात वाईट.

नरसप्पा शेजारीच बसला होता. त्याची घरची बोली तेलुगू, मराठी सोलापुरी.

"मिस्त्री, बिघडलं काय ओ?"

"कळंना झालंय, अण्णा. तुमी वर जाताना पायरीचा भरवसा कसा धरता?"

"भरवसा कुटला? ठोकतो की." त्यानं हातोडी दाखवली. "एक पायरी, एक ठोका. खण्ण वाजली तर पाय ठेवायचा. बद्द वाजली तर खाली यायचं. लाज नाय बाळगायची."

"वरच्या पायऱ्या बद्द वाजल्या तर?"

"तर काय, खाली यायचं. त्याला पण पायऱ्या लागतात, तेवढंच वाईट हाय."

तो हसला. मला हसू आलं नाही.

मी खिशातून एक रुपयाचं नाणं काढलं आणि पात्याच्या मुळावर बोटाबोटाच्या अंतरानं ठोकत गेलो. या जोडीतल्या पांढऱ्या पात्याचा आवाज शेवटपर्यंत सारखा होता. लाल पात्याचा बोल्टाजवळ एका जागी बसला. पुन्हा ठोकलं. पुन्हा तसाच. नरसप्पा मान वाकवून ऐकत होता.

"बद्द," तो म्हणाला.

मी उठून साहेबांकडे गेलो. गोडबोले शेजारीच होते. त्यांना बाजूला जायला सांगावं असं मनात आलं, पण तेवढा वेळ घेतला असता तर माझा धीर गेला असता.

"साहेब, ही जोडीपण उडवायची नाही. काल पेटी टेम्पोत उन्हात राहिली. मीच ठेवली. पाती वर नेता आली असती, नेली नाहीत."

साहेबांनी गळ्यातला बॉक्स काढून खाली ठेवला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"दोन्ही जोड्या?"

"दोन्ही."

"बरं," ते म्हणाले आणि गोडबोल्यांकडे वळले. "मोठं यंत्र आज उडणार नाही."

गोडबोल्यांनी सुस्कारा टाकला. "मग नरसप्पाला वर पाठवावं लागेल."

"धाकटं आहे," मी म्हणालो. "त्याची पाती खोलीत होती. लहान कॅमेरा उचलेल. पण त्यात लांबून काही दिसणार नाही. चिमणीच्या पंधरा-वीस फुटांत जावं लागेल."

साहेबांना ते आवडलं नाही. दीडशे फुटांवरचं लहानसं यंत्र खालून मुठीएवढं दिसतं. ते चिमणीपासून वीस फुटांवर आहे की पाच, हे उडवणाऱ्याला कळत नाही. ते बाजूनं बघणाऱ्यालाच कळतं.

"बाजूनं कोण बघणार?" साहेबांनी विचारलं. "तू तर कॅमेऱ्याचं बटण दाबणार."

"मी बघतो की," मागून नरसप्पा म्हणाला. "ती चिमणी मला पाठ हाय. किती लांब, किती जवळ, सगळं."

मी रिक्षानं लॉजवर जाऊन धाकटं आणलं. तपासायला अर्धा तास घेतला, घाई केली नाही. मोठ्याची पाती नाण्यानं ठोकली होती, तशीच धाकट्याचीही ठोकली. गोडबोल्यांनी भिंतीवरची माणसं खाली उतरवून लांब नेली, कुरकुर झाली. नरसप्पा गोदामाच्या छपरावर चढून चिमणीच्या बाजूला, साहेबांच्या नजरेच्या रेषेला काटकोनात उभा राहिला.

धाकटं वर गेलं. चिमणीच्या टोकाशी वारा वळसा घेतो, तिथं ते दोनदा डगमगलं. साहेबांच्या कानामागून घामाची धार लागली होती.

"लांब!" नरसप्पा ओरडला. "अजून या... या... बास! हितंच!"

मी बटण दाबत गेलो. एकदा तो इतक्या जोरात "मागं!" म्हणाला की साहेबांचे हात त्यांना कळायच्या आधी हलले. छत्तीस फोटोंचा रोल संपला आणि यंत्र खाली उतरलं, तेव्हा साहेब मातीतच बसले. मी इंजिनला हात लावला आणि भाजून घेतला.

रोल शहरातल्या एका स्टुडिओत धुतला; गोडबोले आणि नरसप्पाही बरोबर आले होते. प्रिंट ओल्याच होत्या, आम्ही त्या वाळत घातलेल्या दोरीवरच पाहिल्या. तीस फोटो हललेले. सहांत काही दिसत होतं, चारांत स्वच्छ. लोखंडी पट्टा सुटलाच होता. पट्ट्याखालची रेघ काजळीची नव्हती, तडाच होता, जवळजवळ निम्म्या घेरापर्यंत गेलेला. चौथ्या फोटोत आणखी एक गोष्ट होती. वरच्या सात-आठ पायऱ्या. त्यांच्या मुळाच्या विटा झिजून गेल्या होत्या आणि लोखंड नुसतं भोकात टेकलेलं होतं.

गोडबोल्यांनी तो फोटो दोरीवरून काढला. मग त्यांनी तो नरसप्पाकडे दिला. नरसप्पानं तो खिडकीजवळ नेऊन पाहिला.

"ठोकून कळलंच असतं की," तो म्हणाला. "आलो असतो परत."

आला असता का, ते मला माहीत नाही. त्यालाही माहीत नसावं. फोटो परत देताना त्यानं तो दोन्ही हातांनी दिला.

दक्षिणेकडची घरं त्याच संध्याकाळी रिकामी केली, माणसांना गिरणीच्या गोदामात हलवलं. बॉयलर पेटला नाही. पुढे बांबूची परांची बांधून चिमणीचं टोक वीट-वीट उतरवलं. त्या कामावर नरसप्पाच होता.

 पुण्याला परत जाताना मोहोळ मागे पडल्यावर साहेब टेम्पोत म्हणाले, "रजिस्टरमध्ये लिही. पाती का बाद झाली ते."

"लिहिलंय."

"काय लिहिलंस?"

"उन्हात ठेवली. चूक माझी."

"माझं नावही घाल," ते म्हणाले. "पेटी कुठं आहे, हे मीही विचारलं नाही."

नवी पाती यायला पाच महिने लागले. तोवर मोठं हेलिकॉप्टर ऑफिसच्या कोपऱ्यात कापडाखाली उभं होतं आणि सगळी कामं धाकट्यानं केली. नंतर साहेबांनी तिसरं यंत्र घ्यायचं ठरवलं, तेव्हा पुन्हा कॅटलॉग माझ्यापुढे आले. मी आधी वजन उचलण्याची ताकद पाहिली नाही. पाती कशाची आहेत, सुटी किती मिळतात आणि इथल्या उन्हात ती किती टिकतील, ते पाहिलं. मग पेटीची लांबी-रुंदी पाहिली. कॅटलॉगमध्ये ती शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत असते. मोठं यंत्र घेणाऱ्यानं आधी तेच पान वाचावं.