प्लास्टरमामांचं छत

हाडांच्या दवाखान्यात मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घालण्यात मामांची अख्खी नोकरी गेली. रडणारी पोरं त्यांच्यापुढं गप्प व्हायची, कारण मामा गाणं म्हणायचे आणि ते इतकं बेसूर असायचं की पोरं रडायचं विसरून हसायची. निवृत्त झाल्यावरही सगळे त्यांना प्लास्टरमामाच म्हणत.

एकदा वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंच्या वॉशिंग मशीनची नळी निसटली आणि मामांच्या बैठकीच्या खोलीतलं छत फुगलं. जिप्समचा बोर्ड भिजून सुटलेल्या पोटासारखा खाली आला. बाई ओशाळल्या. त्यांनी नळी लगेच बदलून घेतली आणि कारागीर पाठवते म्हणाल्या. मामांनी साफ नकार दिला. जन्मभर हेच तर केलंय, असं त्यांचं म्हणणं. मामींनी फक्त सोफ्यावर जुनी चादर टाकली.

सुरुवात झकास झाली. मामांनी भिजलेला भाग चौकोनी कापून काढला, आतल्या आधाराच्या लाकडी पट्ट्या नीट वाळू दिल्या आणि नवा तुकडा स्क्रूने घट्ट बसवला. मग सांधे बुजवायची पावडर त्यांनी दवाखान्यातल्या सवयीनं कोमट पाण्यात कालवली, तीही पुडाच्या पुडा. मामा स्टुलावर चढेपर्यंत घमेल्यातच तिचा दगड झाला.

‘पेशंट गेला वाटतं,’ मामी म्हणाल्या.

मामांचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांच्या सरावाच्या हातानंच दगा दिला, हे त्यांना लागलं. कारागिरालाच बोलवू, म्हणत ते चादरीवर बसले. मामींनी मात्र दुसरा पुडा फोडला, गार पाणी घेतलं आणि वाटीभरच पावडर कालवली.

‘चढा आता. मी खालून देत जाते. संपलं की पुन्हा कालवीन. आपल्याला कुठं गाडी पकडायचीय?’

मामा चढले. सांध्यांवर जाळीची पट्टी चिकटवली, तिच्यावर पातळ थर दिला, तो वाळल्यावर दुसरा. मान अवघडली, चष्मा शिंतोड्यांनी भरला, पण हात बसत गेला. पॉलिश पेपरनं घासून झालं तेव्हा दोघंही पांढरेफटक झाले होते.

शिक्षिकाबाई बघायला आल्या. इथं जरा उंचवटा राहिलाय, असं मामांनी आपणहून दाखवलं. मामींनी डोळे वटारले. बाईंना काही तो दिसला नाही.

रंग दिल्यावर मात्र पंचाईत झाली. नवा चौकोन असा उजळला की उरलेलं छत मळकट दिसायला लागलं. मग काय, दोघांनी स्टूल सरकवत सरकवत सगळं छत रंगवून काढलं. जेवायची वेळ टळून गेली, तरी थांबावंसं कुणालाच वाटलं नाही.