दिवसा वाचलेली गोष्ट

सारंगखेड्याच्या पुलावर मामाने टेम्पो थांबवला आणि विचारलं, "आते कथा वळानं व?" म्हणजे आता कुठे वळायचं. माझी पेटी, गोधडी आणि पुस्तकांच्या दोन पिशव्या मागे केळीच्या रिकाम्या क्रेटांमध्ये होत्या. धुळ्याहून मला पुण्याची गाडी धरायची होती. खाली तापी तुडुंब भरलेली, पण जागची हलत नव्हती. त्या पुलावर वळायला जागाच नाही. तो सरळ पलीकडे जातो, आणि आमच्या ब्राह्मणपुरीची केळी घेऊन मामा मी जन्मायच्या आधीपासून त्यावरून जात होता. मी हसले. मला वाटलं, मी रडू नये म्हणून गंमत करतोय. तोही हसला, पण जरा उशिरा. माझं पाहून.

आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिली. आता मीच कुणाची तरी ताई झाले आहे. होस्टेलवर खांडबाऱ्याहून आलेल्या एका मुलीने परवा विचारलं, "ताई, मी आधी काय वाचू?" म्हणून हे लिहिते आहे, तिच्यासाठी, आणि गावात राहिलेल्या माझ्या मैत्रिणींसाठीही. चुकलं तर समजून घ्या.

अडचण अशी की माझ्या आवडत्या पुस्तकांची नावं मलाच माहीत नाहीत. मामा, म्हणजे मायचा धाकटा भाऊ, लग्न न करता आमच्याकडेच राहिला. सुरतेला माल उतरेपर्यंत तो रद्दीच्या दुकानात बसायचा आणि येताना पुस्तकं आणायचा. पुठ्ठे गेलेली, कधी पहिली पानं नाहीत, कधी शेवटची. मी दुपारी ओट्यावर वाचायला बसले की माय आतून ओरडायची, "दिनमा गोष्ट नको वाचू व, मामा वाट चुकी जास." दिवसा गोष्ट वाचली, ऐकली की मामा रस्ता चुकतो, असं आमच्याकडे मानतात. मामा घरी असला तर तिकडून म्हणायचा, "वाच, वाच. चुकनू ते आखो दोन गावं देखसू." चुकलो तर आणखी दोन गावं बघेन. यावर माय त्याच्या ताटात भाकरी जरा जोरात टाकायची.

त्यातलं एक पुस्तक मी कुणालाही वाचायला सांगेन. समुद्रकाठाहून बैलांच्या पाठीवर मीठ घेऊन डोंगरात जाणाऱ्या एका माणसाचं. मीठ विकून तो परत निघतो, आणि जाताना पाहिलेल्या खुणा त्याला सापडत नाहीत. विहीर नाही, चिंच नाही. शेवटची पानं फाटलेली होती. शेवट मामा सांगायचा, दरवेळी तोच: "मंग त्याना बैलच त्याले घर लई उनात." त्याचे बैलच त्याला घरी घेऊन आले. मोठी झाल्यावरही मला दुसरा शेवट नको वाटला.

पुण्यात मी दिवसा वाचू लागले. लायब्ररी दिवसाच उघडी असते, त्याला माझा इलाज नव्हता. पहिल्या वर्षी बरंच वाचलं. एका बाईने आपल्या सासरच्या स्वयंपाकघराबद्दल लिहिलेलं पुस्तक वाचलं, ते जरूर वाचा, त्यात माझी माय आहे. पण खिडकीजवळच्या टेबलावर गोष्ट उघडली की घड्याळाकडे लक्ष जायचं. या वेळी मामा कुठे असेल? मी सायन्सची विद्यार्थिनी. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी पान उलटताना बोट थांबायचं.

घरून बातम्या येत होत्या, सगळ्या हसत सांगितलेल्या. मामा शहाद्याला निघाला आणि उलट्या दिशेला, दोंडाईच्याला पोचला. बाबा म्हणाले, "तुन्हा मामा आते घरमा बी वाट पुसस." मग सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेची बातमी आली. यात्रा उठून गेल्यावर, तंबूही निघून गेल्यावर, मामा त्या रिकाम्या मैदानात उभा सापडला. घोडे कधी येतील असं जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारत होता. हेही बाबांनी हसतच सांगितलं. मग फोन मायने घेतला. "तू दिनमा वाचस का?" एवढं तरी तिने विचारावं, रागवावं, म्हणून मी फोन कानाला लावून थांबले. तिने विचारलं नाही, आणि तेव्हा मी खरी घाबरले.

धुळ्याच्या डॉक्टरांनी विसरण्याचा आजार सांगितला. वाढत जाणारा. मी लायब्ररीत मेंदूवरचं एक पुस्तक काढलं. पुस्तक चांगलं आहे, सोपं आहे, पण ते मी तुम्हाला सुचवणार नाही. पुढे काय काय होतं ते त्यात क्रमाने दिलं आहे. मी अर्ध्यावर मिटलं.

टेम्पोची किल्ली आता माय पिठाच्या डब्यात ठेवते. किल्ली मिळाली नाही की मामा पायी निघतो. मागच्या आठवड्यात तो नदीच्या काठापर्यंत गेला होता. दुसऱ्या दिवशी भर दुपारी मायचा फोन आला. मी लायब्ररीच्या पायऱ्यांवर होते.

"तू त्याले गोष्ट सांग," ती म्हणाली.

"आत्ता? माय, दिवसा?"

"हां, दिनमाच. गोष्ट चालू ऱ्हास तवर तो बठी ऱ्हास."

इतक्या वर्षांत तिने हे पहिल्यांदा म्हटलं. तिच्या आवाजात भीती नव्हती. भीती जिथे असायची तिथे आता दुसरंच काही बसलं होतं.

तेव्हापासून रोज दुपारी ती फोन खाटेवर, त्याच्या उशाशी ठेवते. मला पंख्याची घरघर ऐकू येते, भांडी ऐकू येतात, त्याचा श्वास ऐकू येतो. सुट्टीत गेले तर तो मला ओळखेल की नाही, माहीत नाही. घर कुठे आहे असं कुणी विचारलं तर मी अजून ब्राह्मणपुरीच सांगते, पण मनात ती खाट असते.

मी मिठवाल्याचंच पुस्तक वाचते. काल शेवटच्या पानाशी आले. पुढचं फाटलेलं. शेवट तो सांगेल म्हणून मी थांबले.

"मंग?" मामाने विचारलं. "तो घर पोचना का?"

बैल माझ्या ओठावर आले होते. पण गोष्ट संपली की तो उठेल.

"नही मामा," मी म्हटलं, "आजून वाटवर शे."

खाट करकरली, पण तो उठला नाही.