आईला दोन ओळी

रविवार कारंजा चौकाजवळ शाईची पेनं दुरुस्त करणारा एक माणूस छोटंसं दुकान टाकून बसतो. इतकी वर्षं त्याच्याकडे गेलो, पण त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. दुरुस्त झालेलं पेन तो वहीवर चालवून बघायला लावतो, पण सही करू देत नाही. "सही सगळेच झोकात करतात, काका. आईला दोन ओळी लिहा." आपण लिहीत असताना तो अक्षराकडे नाही, हाताकडे बघतो. मग त्या हाताला रुळेल अशी निब घासतो.

दोन वर्षांपूर्वी त्याने दुरुस्त करून दिलेल्या माझ्या पेनाने अक्षर वाकडं यायला लागलं, निब कागदात अडकायला लागली. मी भर दुकानात म्हणालो, "माझी सोन्याची निब बदललीस तू."

तो हळूच म्हणाला, "निब तीच आहे. हात थरथरतोय तुमचा. डॉक्टरांना दाखवा."

मला ते झोंबलं. आमच्या कट्ट्यावर मी त्याला चोर ठरवलं. डायरी लिहिणाऱ्या आम्ही पाचसहाजणांनी त्याच्याकडे जायचं बंद केलं.

पुढे डॉक्टरांनी कंपवात सांगितला, तेव्हा निब तीच होती हे कळलं. तरी मी वर्षभर गप्प बसलो.

काल कट्ट्यावरच्या सगळ्यांना घेऊन त्याच्या दुकानात गेलो आणि त्यांच्यादेखत म्हणालो, "निब माझीच होती. मला वर्षभर माहीत होतं."

त्याने पेन घेतलं, निब दोनदा घासली आणि वही पुढे सरकवली. "दोन ओळी."

मी लिहिलं, 'आई, मी एका सरळ माणसाला चोर म्हणालो.'

त्याने वाचलं, वर टिपकागद दाबला. "आता अडकत नाही," म्हणाला आणि टोपण लावून पेन माझ्या हातात दिलं.