कडेनं धावणारा खेळाडू आणि माझा एक गुण

मित्रांनो, गोंधळलो आहे, म्हणून इथं लिहितो.

आज मोताळ्यातल्या एका शाळेत वक्तृत्व स्पर्धेचा परीक्षक होतो. विषय होता ‘माझा आदर्श खेळाडू’. बाकी सगळे क्रिकेटवर बोलले. वडनेरची नववीतली पूजा मात्र स्पेनच्या एका फुटबॉलपटूवर बोलली. मैदानाच्या अगदी कडेनं धावणारा विंगर. बारा वर्षांत नऊ क्लब, दोनदा गुडघ्याचं ऑपरेशन, देशाच्या संघात एकदाही नाही.

परीक्षकानं प्रश्न विचारायचा नसतो. तरी माझ्या तोंडून निघून गेलं, “मग त्यानं मिळवलं काय?”

“सर, त्याले दरसाली कोणी ना कोणी बोलावतेच. खेळता येत नसतं तर काऊन बोलावलं असतं?”

सगळे हसले. मला हसू आलं नाही. पंधरा वर्षं मी तासिका तत्त्वावर शिकवतो आहे. दर जूनमध्ये कुठल्या तरी कॉलेजच्या फोनची वाट पाहतो.

त्या उत्तराला एक गुण जादा देऊन मी पूजाला अर्ध्या गुणानं पहिला नंबर दिला. ती दोनदा अडखळली होती. दुसरी आलेली मुलगी कुठंच अडखळली नाही, आणि तिला मी प्रश्नच विचारला नव्हता.

जिल्ह्याच्या स्पर्धेला एकच मुलगी जाणार. निकाल उद्या सकाळी आहे. गुणपत्रक अजून माझ्याच पिशवीत आहे.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, “तुम्ही त्या पोरीले नाही, सोताले नंबर देला.”

ते खोटं म्हणवत नाही. पण पोरीचं उत्तरही खोटं नव्हतं.

तुम्ही असता तर तो एक गुण खोडला असता का?