मटणावर हात ठेवणारा

अंधेरीतल्या आमच्या मटणाच्या शीतगृहात तो हमाल होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. माझ्या अहवालातही तो फक्त ‘हमाल’ आहे.

प्रयोगशाळा माझ्याकडे होती. मटणावर यंत्र टेकवलं की काही सेकंदांत हिरवा किंवा लाल दिवा लागायचा. त्याआधी तो प्रत्येक सोललेल्या बोकडावर तळहात ठेवायचा आणि डोळे मिटून, काही ऐकल्यासारखा उभा राहायचा. एखाद्यापासून झटकन मागे सरकायचा. तिथे नेमका लाल दिवा लागे.

“कसं कळतं रे तुला?” मी एकदा विचारलं.

“ह्या जनावर भियान मेला, सायबानू. भय मटनात ऱ्हवता.”

मी हसलो. पण शास्त्रही तेच सांगतं: घाबरून, दमून मेलेल्या जनावराचं मांस काळपट पडतं, लवकर नासतं.

एका सकाळी तो सगळ्याच बोकडांपासून मागे सरकला. यंत्र मात्र हिरवंच दाखवत होतं. रोज काम सुरू करण्याआधी यंत्र जुळवून घ्यावं लागे, नाहीतर ते चुकीचा दिवा दाखवी. त्या दिवशी मी ते टाळलं होतं. तरी माल चांगला असल्याच्या कागदावर सही केली.

माल नासून परत आला. मी अहवालात लिहिलं, हमालानं शीतगृहाचा दरवाजा उघडा टाकला.

मॅनेजरनं त्याला माझ्यासमोर उभं केलं. “दरवाजा तू उघडा टाकलास काय रे? नोकरी जाईल तुझी!”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझी मान वर होईना.

“होय, मीच,” तो म्हणाला आणि निघून गेला.

आज सत्तरीत हे लिहून ठेवतो: दरवाजा बंद होता. कडी मीच लावली होती.