सी, लुक, वॉच आणि आमचे हेडसर

शाळेतले किस्से वेळेवर सांगितले नाहीत ना, तर ते डोक्यात आंबतात! माझं डोकं आता पार भरलंय, म्हणून ऐकाच.

जळगाव जामोदजवळच्या खेड्यात मी नववीला इंग्रजी शिकवते. सी, लुक आणि वॉच यांतला फरक फळ्यावर काही केल्या कळेना. नेलं पोरांना मैदानाच्या कडेला. "सातपुडा सहज दिसतो, ते सी. त्यावरच्या एका झाडाकडे नीट बघा, ते लुक. आणि शाळेशेजारच्या काकूंचे गहू वाळताहेत, त्यांवर बकरी येते का याची राखण करा, ते वॉच!"

बकरी खरंच आली. पोरं धावली. खिडकीतून हेडसर गरजले, "मॅडम, हे पोट्टे बकऱ्या काऊन हाकलून राह्यले?"

*

मग हेडसरांनी वह्या मागवल्या. व्याख्या नाहीत!

मी म्हटलं, "सर, पोरांना कळलंय."

"कळून काय करता? वहीत दिसलं पाहिजे!"

*

तेवढ्यात शिक्षणाधिकारी साहेबांच्या तपासणीचं पत्र आलं. हेडसरांनी सगळ्यांसमोर बजावलं, "एक पोट्टं जरी अडलं, तर नववीचं इंग्रजी देशमुख सरांकडे!"

देशमुख सर म्हणजे खुर्चीत बसून गाईड वाचणारे. त्यांना माझा वर्ग द्यायचा? तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या!

*

आणि हेडसरांनी तालीम घेतली कसली, तर हात वर करायची! उत्तर येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा, पण वर सगळ्यांनी करायचाच. बकरीसाठी मला पाच मिनिटं नाहीत, आणि या लबाडीला अख्खा तास! लाज वाटली मला.

पहिल्याच बाकावरच्या वैष्णवीनं दोन्ही हात वर केले. हेडसर भडकले, "हे काय वं?"

"मले अर्धंच येते, सर!"

*

साहेब आले. "हिअर आणि लिसन, दोन्हीचा अर्थ ऐकणं. मग फरक काय?"

सगळे हात वर. साहेबांनी नेमकं वैष्णवीलाच उठवलं. हेडसर लगबगीनं तिच्यामागे जाऊन उभे राहिले आणि गाईडातली व्याख्या पुटपुटू लागले.

साहेब म्हणाले, "बोल बेटा, घाबरू नको."

"साहेब, मांगून हेडसर बोलून राह्यले, ते मले हिअर होते."

"आणि लिसन?"

"ते मॅडमचं."