मामांचा आठ ट्रॅकचा रेकॉर्डर

पुण्यात निर्णय घ्यायला सर्वांत जास्त वेळ लावणारा माणूस कोण, अशी स्पर्धा झाली तर माझ्या बायकोचे मामा सहज पहिले येतील. फक्त त्या स्पर्धेत भाग घ्यायचा की नाही, हे त्यांचं वेळेत ठरायला हवं. सरकारी ऑडिटमध्ये आयुष्य गेल्यामुळे कुठल्याही वस्तूकडे ते आधी संशयाने पाहतात. बिबवेवाडीच्या त्यांच्या घरी एकदा टेबलफॅन आणायचा ठरला आणि तो आला तेव्हा थंडी पडली होती. मामींनी तो पुसून, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवला.

मामांचा एकच शौक, पेटी. पेटी ते खरोखर छान वाजवतात. अडचण एवढीच की त्यांच्या मते साथीला कुणी नीट वाजवत नाही. कोणाचा टाळ खोटा, कोणाचा तंबोरा उतरलेला. दर शुक्रवारी सोसायटीच्या हॉलमध्ये भजन असे आणि तबल्यावर हडपसरचे अण्णा असत. अण्णांची मार्केट यार्डात कांद्याची आडत. मुलांनी गाळा सांभाळायला घेतल्यावर ते तबल्यासाठी मोकळे झाले होते. दोघांची जोडी जुनी आणि वादही जुना: अण्णा लय पळवतात, असं मामांचं म्हणणं. एका शुक्रवारी भर अभंगात मामांनी पेटी थांबवली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "अण्णा, हा कांद्याचा लिलाव नाहीये. सावकाश." अण्णांनी तबल्यावर गवसणी चढवली, शेजारच्याला "येतो" म्हणाले आणि गेले. पुढच्या शुक्रवारी ते आले नाहीत, त्यानंतरही कधी आले नाहीत.

तबलजी नसलेलं भजन हळूहळू बंद पडलं. मामा दुपारी एकटेच पेटी काढून बसायचे आणि थोड्या वेळात ती मिटून ठेवायचे. मला राहवेना, म्हणून मी त्यांना अशा रेकॉर्डरबद्दल सांगितलं, ज्यात एकच माणूस आधी पेटी भरतो, मग तीच ऐकत तबला, मग टाळ, मग आवाज. प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा आणि शेवटी सगळं एकत्र ऐकू येतं. मामांचा चेहरा उजळला. "म्हणजे माणसं लागत नाहीत," ते म्हणाले. हे लॅपटॉपवरही होतं, असं मी सुचवून पाहिलं. पण ज्या यंत्रावर टपाल येतं त्यावर गाणं करायचं नाही, असा त्यांचा निकाल पडला.

मग निवड सुरू झाली. चार ट्रॅकचं यंत्र स्वस्त आणि सुटसुटीत होतं, पण पेटी, तबला, टाळ, तंबोरा यांतच चार संपतात, मग गायचं कुठे? सोळाचं घेतलं तर अर्ध्याहून जास्त ट्रॅक रिकामे राहणार, आणि एवढी रिकामी जागा मामांना बघवत नाही. गुरुवारी वीज जाते, म्हणून बॅटरीवर चालणारं हवं. बटणांवरची अक्षरं चष्म्याशिवाय वाचता यायला हवीत. स्वतःची पेटी रिक्षात घालून ते बुधवार पेठेतल्या दुकानात गेले, भर मे महिन्यात दुकानदाराला पंखा बंद करायला लावला, कारण माइकमध्ये तो घरघरत होता, आणि एकेका यंत्रात तोच अभंग भरून ऐकू लागले. घामाघूम दुकानदाराने शेवटी विचारलं, "आजोबा, घ्यायचंय की परीक्षा घ्यायचीय?" मामा शांतपणे म्हणाले, "उत्तीर्ण झालं की घेईन."

पावसाळा संपता संपता आठ ट्रॅकचं एक यंत्र उत्तीर्ण झालं. मामांनी पेटी भरली आणि हेडफोन लावून स्वतःच तबल्यावर बसले. तबला त्यांना कामापुरता येतो. पण ठेका काही केल्या पेटीला गाठेना. यंत्रच सदोष आहे, परत करतो, म्हणू लागले. त्या यंत्रात लय धरायला घड्याळासारखी टिकटिक लावता येते. ती लावून बघा, असं मी म्हणालो. त्यांनी टिकटिकीवर पुन्हा पेटी भरली आणि आम्ही ती मोठ्याने लावली. धृपद जागच्या जागी होतं. अंतरा सुरू झाला आणि पेटी टिकटिकीला मागे टाकून सुसाट निघाली. मामी मटार सोलत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "अंतऱ्याला तुम्हीच पळता. अण्णा बिचारे मागून धावायचे."

मामांनी यंत्र बंद केलं. दोन-तीन दिवस पेटीही उघडली नाही. मग एका सकाळी त्यांचा फोन आला, "जावईबापू, हडपसरला सोडाल का?" मी गाडी काढली. पेटी मागच्या सीटवर ठेवून आणि यंत्राची पिशवी मांडीवर घेऊन मामा शेजारी बसले.

अण्णांनी दार उघडलं, बघितलं आणि "या" म्हणाले. पाणी आलं. मामांनी प्रकृतीची चौकशी केली नाही, मागचा विषयही काढला नाही. यंत्र टीपॉयवर ठेवलं, हेडफोन अण्णांच्या कानांवर चढवले आणि बटण दाबलं. अण्णांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं, मग हेडफोन काढून म्हणाले, "पळताय तुम्ही."

"हो," मामा म्हणाले. "तेच ऐकवायला आलो."

अण्णा उठले. आतून तबला घेऊन आले. गवसणीची गाठ त्यांना सुटेना, ती मी सोडवली. मामांनी दोन माइक लावले, यंत्र चालू केलं आणि पेटीवर अभंग गायला घेतला. ठेका स्वच्छ होता, पण फार संथ. इतका, की मामांचा श्वास ओळीच्या मध्येच संपू लागला. अंतऱ्यापाशी ते हळूच म्हणाले, "अण्णा, लय जरा वाढवलीत तरी चालेल."

"आता न्हाई वाढत," अण्णा ठेका न सोडता म्हणाले. "बोटं आखडल्यात."

मामांनी यंत्र थांबवलं नाही. त्यांनी भात्यावरचा हात आणखी हलका केला, ओळीच्या मध्येच एक श्वास घेतला आणि अण्णांच्या बोटांकडे बघत बघत अंतरा गायला सुरुवात केली.